अर्धी जांभई

“सूर तुटतो तो कुठं, वस्ताद? गालात, का ओठांत?”

येसबा वस्तादांनी सनईचं तोंड धोतराच्या सोग्याला पुसलं आणि खाली अंगणात कुणी झाडत होतं, तिकडं बघत बसले.

“माझा दम कमी पडतो का?” दौलतनं पुन्हा विचारलं.

“दम तुला भरपूर हाय...” वस्ताद म्हणाले. “ठेवायला जागा न्हाई.”

भैरवनाथाच्या देवळाचा दरवाजा दगडी, थोरला. त्या दरवाजाच्या डोक्यावर नगारखाना. पहाटे, दुपारी आणि सांजेला तिथं चौघडा झडायचा. वस्ताद सनई वाजवायचे, शिदूमामा नगारा, आणि दौलत सूर धरायचा. सूर धरायचा म्हणजे दुसऱ्या सनईवर एकच स्वर लावायचा आणि वस्तादांचं वाजवणं संपेपर्यंत तो तुटू द्यायचा नाही. गालात वारा साठवायचा, तो ओठांनी सोडता सोडता नाकानं नवा घ्यायचा. खाली उभ्या माणसाला वाटलं पाहिजे, हा गडी श्वास घेतच नाही.

महिनाभर तो सूर तुटत होता.

शिदूमामा तोंडाचा फटकळ. “दौलत्या, सूर धरतोयस का उचकी लागलीया?” असं भर चौघड्यात ओरडायचा.

ते पंचांच्या कानावर गेलं. यात्रा तोंडावर आलेली. पंचांनी निरोप धाडला की यात्रेत सूर तुटला, तर विजेवर चालणारी सुरपेटी आणून बसवू. पेटीला दम लागत नाही.

म्हणजे दौलतनं नगारखान्याचा जिना उतरायचा, आणि पुन्हा चढायला काही कारण उरायचं नाही. त्याला तर जगात दुसरीकडं कुठं बसायची हौसच नव्हती.

त्या पहाटे वाजवून झालं होतं. वस्तादांना जांभई आली. म्हाताऱ्या माणसाची जांभई ती, पायांपासून निघालेली, सावकाश. ती शिदूमामाला लागली. मग दौलतला. त्याचं तोंड उघडलं, छाती वर यायला लागली... आणि मध्येच अडली. त्यानं तोंड मिटून घेतलं.

“अर्धीच राहिली,” वस्ताद म्हणाले.

“काय?”

“जांभई. किती दिस बघतोय. तुझी जांभई पुरी हुईत न्हाई.”

“लोकांची लगनं अर्धी राहत्यात, ह्याची जांभई!” शिदूमामा खदखदून हसला आणि चहाला म्हणून जिना उतरून गेला.

दौलतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

वस्तादांनी शिदूमामाची पावलं जिन्यावरून जाऊ दिली.

“आत काय बांधलंयस?”

“मी ते काढणार नाही, वस्ताद.”

“काढ म्हणालो का मी?”

दौलतनं सदऱ्याचं वरचं बटण चाचपलं.

“काय बांधलंयस, एवढंच विचारलं.”

आता हे सांगायला पाहिजे. दौलत जन्मला तेव्हा घरात मुलगी झाली म्हणून साखर वाटली होती. आपण पुरुष आहोत हे त्याला कळायला लागल्यापासून कळत होतं, गावाला कळायला वेळ लागला. आजोबांचं नाव त्यानं आपलं आपण घेतलं. ‘अगं’ म्हणणारी तोंडं एकेक करत ‘अरे’ म्हणायला शिकली. काही तोंडं वाकडी होऊन शिकली, पण शिकली. वस्तादांनी मात्र पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “तुला काय म्हणू?” त्यानं सांगितलं, आणि ते तसं म्हणायला लागले. त्याच्यावर पुन्हा बोलणं झालं नाही.

छाती सपाट दिसावी म्हणून दौलत सदऱ्याच्या आत बाइंडर घालायचा. घट्ट बंडीच ती, म्हणा ना. तेवढी घातली की त्याला रस्त्यानं मान वर करून चालता यायचं.

“खाली पट्टी आहे,” तो म्हणाला. “मुरगळलेल्या पायाला दवाखान्यात गुंडाळतात, ती. तिच्यावर बाइंडर. तो महिन्यामागं एक माप लहान मागवलाय, मुद्दाम. माप घेताना सगळा श्वास सोडून टेप आवळली.”

“दुखतंय?”

“दुखतं. दुखू दे. काही मिळवायचं तर सोसावंच लागतं.” त्याच्या आवाजात थोडा ताठा आला. “तुमच्या ओठांना नाहीत का घट्टे पडले?”

वस्तादांनी ओठांवरून बोट फिरवलं. पहिल्यांदाच बघावेत तसे ते घट्टे चाचपले.

“पडलेत की. पर ओठ बांधून न्हाई पडले.”

दौलत सनईच्या दोऱ्याशी चाळा करायला लागला.

“कुणाला दावलंस का न्हाई?”

“तालुक्याला डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना दाखवलं होतं. चांगल्या आहेत. मला ‘दौलतराव’ म्हणाल्या.” एवढं सांगताना तो हसला. “त्यांनी स्वतः माप घेतलं. म्हणाल्या, श्वास नेहमीसारखा चालू ठेव, पोट आत ओढू नकोस. पट्टी कधीच बांधू नको म्हणाल्या, ती हलता हलता आवळत जाते आणि बरगड्या दाबते. एकावर एक दोन घालायचे नाहीत. दिवसात आठ तासांच्या वर नको, मधनं मधनं एखादा दिवस मोकळा जाऊ दे. दमाचं काम असेल तेव्हा काढलास तर उत्तमच. दुखलं, मुंग्या आल्या, श्वास अडला, तर तिथल्या तिथं काढायचा आणि त्यांच्याकडं जायचं.”

“समदं पाठ हाय की रं तुला.”

“आहे.”

“मग?”

“त्यांनी सांगितलेल्या मापाचा आणला. घातला नाही.”

“का?”

“त्यात मी पुरता सपाट दिसत नाही.”

खाली झाडणाऱ्याचा खराटा थांबला. कबुतरं उडाली आणि परत येऊन बसली.

“दुपारी तिन्ही घिऊन ये,” वस्ताद म्हणाले.

दौलत दुपारी पिशवी घेऊन आला. वस्तादांच्या घोंगडीवर त्यानं तिन्ही मांडले. पट्टीचं भेंडोळं, लहान मापाचा बाइंडर, आणि अजून घडी न मोडलेला तिसरा.

“तुम्हीच सांगा वस्ताद, यातलं कोणतं रोज घालू? तुम्ही सांगाल ते.”

“मला काय ठावं? मी अंगठाबहाद्दर. मी काय आयुष्यात बाइंडर बघितला हुता?” वस्तादांनी नगारे ठेवायच्या खोलीकडं बोट केलं. “तिथं जा. दार लाव. एकेक घाल आणि जांभई दे.”

“जांभई अशी मागून येते होय?”

“मी देतो की. लागंल तुला.”

दौलतला हसूही आलं आणि रागही आला. एवढा जन्माचा प्रश्न विचारायला यावं, आणि म्हाताऱ्यानं जांभई दे म्हणावं! पण वस्तादांची आज्ञा. तो आत गेला, दार लावलं, पट्टी गुंडाळली.

बाहेरून वस्तादांनी जांभई दिली. आऽऽऽ... अशी लांबलचक, सूर लावल्यासारखी.

दौलतला लागली. गळ्यापाशी येऊन मेली.

“झाली?”

“नाही.”

“दुसरा घाल.”

लहान मापाचा चढवताना कोपर अडकलं, काखेत रुतलं. पुन्हा बाहेरून जांभई आली. त्याची छाती वर आली, कापडाला भिडली आणि मागं फिरली.

“अर्धी,” तो आतून म्हणाला.

“तिसरा.”

तिसरा अंगात गेला तो झटापट न करता. आतल्या बाजूला सुती होता. खालची कड पोटात घुसली नाही, काखेत काही टोचलं नाही. दौलत वाट बघत उभा राहिला. बाहेर वस्तादांच्या जांभया संपल्या असाव्यात, कारण काहीच ऐकू येईना. मग त्याची त्यालाच आली. पोटापासून उठली, बरगड्या दोन्ही अंगांना फाकल्या, जबडा कडकडला आणि डोळ्यांना पाणी सुटलं. ती संपता संपेना.

तो तसाच नगाऱ्याला टेकून उभा राहिला.

“दौलत...?”

“झाली, वस्ताद.”

“मोठ्यानं बोल की. खून केल्यासारखं काय सांगतोस?”

तो सदरा घालून बाहेर आला. वस्तादांनी त्याला हात वर करायला लावले. वाकायला लावलं. मांडी घालून, सूर धरायला बसतो तसं बसायला लावलं. मग म्हणाले, “धर.”

दौलतनं सनई ओठांना लावली. सूर निघाला. वस्तादांनी पानाचा डबा उघडला, पान निवडलं, शिरा काढल्या, चुना लावला, सुपारी कातरली, विडा तोंडात घातला आणि चघळत बसले. सूर चालूच होता.

“बास,” वस्ताद म्हणाले.

सनई खाली ठेवली, तेव्हा दौलतचा चेहरा उजळलेला होता. पण लगेच त्यानं सदरा पुढं ओढला. एकदा, दोनदा.

“दिसतंय, वस्ताद.”

“काय?”

“थोडं दिसतंय.”

“कुणाला?”

“मला.”

वस्तादांनी विडा दुसऱ्या गालात सारला.

“यात्रेला परगावचे लोक येतात,” दौलत हळू म्हणाला. “त्यातला एखादा ‘अगं’ म्हणाला तर? तुम्हाला नाही कळायचं. एवढी वर्षं लावून मिळवलेलं एका शब्दात जातं.”

“मला न्हाईच कळायचं,” वस्ताद म्हणाले. “म्हणंलही एखादा. जगाच्या तोंडाला मी काय हात लावू...”

ते उठले. खुंटीवरचा आपला सदरा काढला. ढगळ, पांढरा, धुऊन धुऊन मऊ झालेला. तो त्यांनी दौलतच्या अंगावर टाकला.

“सैल जेवढं पायजे तेवढं बाहेरनं ठेव. आत मापाचं.”

पट्टीचं भेंडोळं शिदूमामानं पळवलं. नगाऱ्याच्या टिपरीची मूठ सुटली होती, तिला गुंडाळून टाकलं.

यात्रा भरली. देवळाचा डोंगर माणसांनी झाकून गेला. नगारखान्यात वस्ताद, शिदूमामा आणि ढगळ पांढऱ्या सदऱ्यातला दौलत. सनई सुरू झाली. खाली पंच माना वर करून उभे.

सूर लागला आणि राहिला.

वस्ताद सनई चढवत नेत होते, खाली आणत होते. शिदूमामाच्या टिपऱ्यांनी दगड थरथरत होते. त्या सगळ्याच्या खाली तो एक सूर, जमिनीसारखा.

तेवढ्यात जिन्यावरून एक परगावची बाई डोकावली. हातात नारळ, कडेवर नातू.

“अगं बाई! हितं पोरी बी वाजवत्यात व्हय? अगं, कुठल्या गावची तू?”

दौलतचे डोळे मिटले. गालातला वारा हलला. सूर किंचित कापला. तोंडात सनई. उत्तर द्यायचं तर सूर सोडायचा, आणि सूर सोडायचा तर...

शिदूमामानं हात न थांबवता मान वळवली. “म्हातारे, पोरगी कुठं दिसली तुला? दौलत हाय त्यो! चश्मा लाव, न्हाईतर नारळ दगडावर फोडायचा सोडून नातवाच्या टकुऱ्यावर फोडशील!”

“अगं आई गं! दौलत व्हय?” म्हातारी ओशाळली. “वाजव बाबा, वाजव. चुकलं माझं.”

दौलतनं नाकानं श्वास घेतला. छातीत त्याला जागा मिळाली.

सूर तुटला नव्हता.

वस्तादांनी सनई ओठांवरून काढली, त्यानंतरच तो थांबला. खाली पंचांपैकी एकजण दुसऱ्याला काहीतरी म्हणाला, आणि दोघं प्रसादाच्या रांगेकडं निघून गेले. सुरपेटीचं नाव पुन्हा निघालं नाही.

सांजेचं वाजवणं झालं. गर्दी ओसरली. शिदूमामा यात्रेतल्या पाळण्यात बसायला गेला, ह्या वयात. वस्ताद आणि दौलत नगारखान्याच्या कट्ट्यावर पाय सोडून बसले होते. दौलतच्या बरगड्या दुखत नव्हत्या. त्याचं त्यालाच नवल वाटत होतं.

“ठरलं, वस्ताद,” तो म्हणाला. “आता हाच. रात्रंदिवस हाच.”

“रात्रंदिस?”

“हो. झोपतानासुद्धा काढणार नाही.”

“डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या हुत्या?”

“झोपताना काढायचाच म्हणाल्या...” दौलत थांबला. खालच्या दुकानांचे दिवे एकेक विझत होते. “पण काढला की वाटतं, दिवसभर जे होतो ते काढून खुंटीला लावलं. मग अंधारात पडून राहतो. वाटतं, आता मी कोण उरलो?”

वस्तादांनी गाभाऱ्याकडं मान वळवली.

आत देवळात घंटा वाजली. गाभाऱ्यातला मोठा दिवा बारीक झाला. पुजाऱ्यानं हलक्या हातानं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

“शेजारती झाली,” वस्ताद म्हणाले. “नाथाचा पोशाख उतरवला. पगडी, शेला, समदं काढून ठिवलं...”

“हो.”

“मग आता आत कोण निजलंय रं?”