सतरा हजार पाचशे वीस

फार जुन्या काळी घड्याळजीच्या खिडकीत बसून आकडेमोड शिकलेल्या एका कावळ्याने आंब्यावरच्या खारीला विचारलं, "अजून किती जगशील गं?"

"दोनेक वर्षं."

"म्हणजे सतरा हजार पाचशे वीस तास. त्यातलाही एक आत्ता सरतोय."

फांदीच्या टोकावर बसून, सूर्याकडे बघत खार तास मोजू लागली. एकेक तास सरला की ती शहारायची. ढोलीत पिल्लं भुकेने चिरकत होती.

एका दुपारी चिरकणं एकदम थांबलं. खारीने वळून पाहिलं, तर धामण ढोलीत डोकं घालत होती. खार तिच्यावर झेपावली आणि धामण खाली कोसळेपर्यंत तिला चावत राहिली.

कावळा आला. "आता किती उरले, सांगू?"

खार पिल्लांना पाजत होती. "हळू बोल," ती म्हणाली, "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."