खडेआजीची तुरटी

आंबेघोळच्या माणसांइतकी हुशार माणसं साऱ्या खोऱ्यात सापडायची नाहीत. दगड हातात दिला की तो कुठल्या डोंगराचा, जात्याला बरा की पायरीला आणि भांडणात कुणाच्या डोक्यात घालायला सोपा, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. आता याच हुशार माणसांनी एकदा पाच दिवस पाण्यात गारगोटी फिरवून घेतली आणि पाणी नितळायची वाट पाहत बसली, ती गोष्ट वेगळी. खरं म्हणजे तीच गोष्ट.

नदीवर पूल नव्हता, गावात घड्याळ नव्हतं आणि असतं तरी बघायला कुणाला येत नव्हतं, तेव्हाची ही हकीकत. फार वर्षांपूर्वी, असं म्हणतात. किती फार, ते पाटीलवाड्यात एक सांगतात आणि तेलआळीत दुसरं. दोघंही शपथेवर सांगतात.

त्या काळी आंबेघोळात कोंडाबाई नावाची एक पाथरवटीण आली. डोक्यावर पाटी, पाटीत हातोडा आणि चार टाक्या, म्हणजे दगड टोचायच्या छिन्न्या. दारोदार फिरून गुळगुळीत झालेल्या जात्यांना टाकी लावायची, भाकरी घ्यायची आणि पुढचं दार. तिचा नवरा खाणीत दगड फोडायचा. दगडाची धूळ छातीत बसली आणि खोकून खोकून गेला. बायका म्हणाल्या, "बाई, आता तरी दगडाचा नाद सोड."

ती म्हणाली, "का म्हून? दगडानं माजं एक माणूस न्हेलं. आता त्येलाच सांगनार हाय, एकापायी शंभर राख."

आणि दगडांनी तिचं ऐकलं, असं म्हणतात.

कंबर धरलेल्या माणसाला ती नदीतला चपटा काळा गोटा तापवून, फडक्यात गुंडाळून शेकायची. वाकून आलेला म्हातारा एवढा ताठ होऊन परतायचा, की घरी पोचल्यावर आपल्याच चौकटीला डोकं आपटून घ्यायचा. अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या की गेरू उगाळून लावायची. घसा बसला की सैंधवाचा खडा कोमट पाण्यात. जुलाबानं गळाठलेल्या माणसाला तेच सैंधव गुळाच्या पाण्यात, पळीपळीनं, दिवसभर. एकदा तिनं असं पाणी तिरडीवर बांधलेल्याला पाजलं, तर तो उठून बसला आणि म्हणाला, गूळ कमी पडलाय. असं म्हणतात. तेव्हापासून गावात तिला कुणी कोंडाबाई म्हणेना. ती खडेआजी झाली.

पण खोटं बोलायची नाही. पाटलीणबाईंनी एकदा अंगठीतला निळा खडा तिच्यापुढं धरला आणि विचारलं, "आजी, यानं काय बरं होतं गं?"

"बोट बरं दिसतं," आजी म्हणाली. "बाकी काय न्हाय."

तिचा सगळ्यात मोठा मान तुरटीचा. लमाणांचा तांडा वर्षातून एकदा यायचा, तेव्हा सारं गाव मिळून एक मोठा खडा घ्यायचं आणि तो आजीच्या पिशवीत राहायचा. विहीर नदीच्या कडेला, पावसाळ्यात चहासारखं पाणी. रोज सकाळी घाटावर घागरींची रांग लागायची, आजी एकेका घागरीत हात घालून खडा फिरवायची, गाळ खाली बसायचा, वरचं नितळ पाणी ती गाळून आधी स्वतः तांब्याभर प्यायची. आजी प्याली की मग गाव प्यायचं. पावसाळ्यात ती पाणी उकळून घ्यायलाही सांगायची, पण आजीचा हात लागलेल्या पाण्याला कोण लाकडं जाळतंय? हा आंबेघोळचा शहाणपणा.

याच गावात बजाबा नावाचा एक माणूस होता. वय चाळिशीचं, अक्कल आठ वर्षांची. नवऱ्या मुलाच्या पागोट्यात खाजकुइली घालणं, कीर्तनकाराच्या वाटेत बकरं बांधणं, न्हाव्याला सांगणं की पाटील वारले आणि पाटलांना सांगणं की न्हावी रडत येतोय, ही त्याची रोजची कामं. सारं गाव त्याला शिव्या द्यायचं. एकटी खडेआजी हसायची. आपली खोडी काढली तरी हसायची. बोळकं दाखवत म्हणायची, "बजा, तू हाईस म्हून वरीस सरतंय बग." त्यामुळं त्याला तिची खोडी काढायला सगळ्यात जास्त आवडायचं.

श्रावणातली एक सकाळ. तुरटीचा खडा झिजून लिंबाएवढा उरलेला. बजाबानं नदीतून अगदी तेवढाच, तसाच पांढरट, एक गारेचा, गारगोटीचा खडा शोधून काढला, आजीच्या पिशवीत टाकला आणि तुरटी आपल्या मुंडाशाच्या पदरात खोचली. बेत असा, की नदीपलीकडं सासुरवाडीला जाऊन बायकोला घेऊन यायचं. तोवर इकडं आजी घागरीत गार फिरवून फिरवून दमलेली असेल. मग आपण यायचं, तिच्या कानामागून तुरटी काढून दाखवायची आणि सगळ्यांनी हसायचं. आजीनं सगळ्यात जास्त.

तो पलीकडं पोचला आणि नदी चढली. डोंगरावर काय फुटलं देव जाणे, दोन घटकांत नावाड्याची नाव झाडाच्या शेंड्याला अडकली. विहीर पुरात बुडाली, घागरी पुराच्याच पाण्यानं भरू लागल्या.

इकडं आजी खडा फिरवत राहिली. तिच्या डोळ्यांत फूल पडलेलं. चाळीस वर्षं टाकी धरून बोटांची कातडी शिंगासारखी झालेली. हातातला खडा विरघळतोय की नाही, हे तिला कळेना. एका घागरीला वीस फेरे पुरायचे, तिथं तिनं चारशे घातले. पाणी तसंच. शेवटी फडक्यानं गाळून ती तांब्याभर प्याली. आजी प्याली म्हटल्यावर गावही प्यालं.

न्हाव्याच्या धोकटीत बोराएवढी तुरटी होती. पण ती कुणाला आठवली नाही, खुद्द न्हाव्यालाही नाही. खडेआजीच्या पिशवीतला खडा खोटा असेल, हे त्या हुशार डोक्यांत शिरायला जागाच नव्हती. मग काय खोटं? तर आजीचा हात.

दुसऱ्या दिवशी चौघं आजारी पडली. तिसऱ्या दिवशी आकडा नवावर गेला. ढाळ आणि वांती. जी माणसं कालपर्यंत आजीच्या पाया पडत होती, ती घाटावरून ओरडू लागली, "म्हातारे, गुण गेला तुज्या हातातला! आमास्नी मारतीस का?" काही जणांनी घागरी तिच्या अंगावर उपड्या केल्या. आंबेघोळात हे सांगताना आजही माणसं पायाच्या अंगठ्याकडं बघतात. आजी भिजलेल्या लुगड्यानं पुढची घागर ओढायची आणि पुन्हा खडा फिरवायची.

हे सगळं पलीकडच्या काठावरून बजाबा बघत होता.

पहिल्या दिवशी तो ओरडला. पुराच्या आवाजात काही पोचलं नाही. मग त्यानं मुंडासं सोडून फडकावलं, तुरटी उंच धरली, जिभेकडं बोट केलं, पाण्याकडं केलं, कपाळ बडवलं, काठावर उड्या मारल्या. अलीकडची माणसं एकमेकांना म्हणाली, "बजा नाचतोय बघा पलीकडं. मेल्याला पुरातबी सुचतंय." आणि त्या हालातही थोडी हसली. आयुष्यभर लोकांना हसवलं, त्याचं हे फळ. खरं सांगतानाही हसूच येतं त्यांना.

पण एक गोष्ट बजाबानं पुढं स्वतःच्या तोंडानं सांगितली, म्हणून ती गावाला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी पूर थोडा उतरला होता. वळणावर पात्र अरुंद होतं आणि बजाबा त्या खोऱ्यातला पट्टीचा पोहणारा होता. तो कमरेइतक्या पाण्यात गेलासुद्धा. तिथं उभं राहून त्यानं विचार केला. आत्ता पोहून गेलो, तर सगळ्यांपुढं तुरटी काढून द्यावी लागेल. ती आपल्याकडं कशी आली, ते सांगावं लागेल. त्यापेक्षा पाणी आणखी उतरू दे. मग नावेतून जाऊ, हळूच पिशवीत खडा परत टाकू, कुणाला कळणारही नाही. आणि तो कमरेइतक्या पाण्यातून मागं फिरला. कपडे वाळवत बसला.

त्या रात्री पाणी दुप्पट चढलं.

पाचव्या दिवशी सकाळी त्याच्या म्हाताऱ्या आईनं घोंगडीत गुंडाळून एक पोरगी घाटावर आणली. लाल परकराचा काठ घोंगडीतून लोंबत होता. तो काठ बजाबानं स्वतः बाजारातून आणला होता. ती त्याची लेक सगुणा होती, सहा वर्षांची, आजारी पडलेली तेरावी.

बजाबानं तुरटी तोंडात धरली, कारण हात पोहायला लागणार होते, आणि उडी घेतली.

असं म्हणतात, की तो पोहत होता तिथून मागं नदीत एक पट्टा नितळ होत गेला. दोन्हीकडं लाल गढूळ पूर आणि मधोमध पागोट्याएवढी रुंद, आरशासारखी वाट, तळातले गोटे मोजता येतील अशी. मासे त्या वाटेत गोळा झाले आणि त्याच्याबरोबर पोहू लागले, असंही म्हणतात. माशांचं काय खरं धरू नका. वाटेचं धरा.

तो घाटाला लागला तेव्हा लिंबाएवढी तुरटी बोराएवढी उरली होती, आणि त्याची जीभ आखडून टाळ्याला चिकटली होती. ज्या तोंडानं सारा मुलूख छळला, त्यातून एक अक्षर फुटेना. त्यानं आजीच्या पायाशी बसून तो तुकडा तळहातावर थुंकला. लोक म्हणाले, "आता ह्यो काय नवा चाळा?" दोघं-तिघं मारायला धावले.

आजीनं तो तुकडा उचलला आणि जिभेला लावला. मग हातातली गार जिभेला लावली. मग पुन्हा तुकडा. बजाबाला वाटलं, आता ती हसेल. आयुष्यात पहिल्यांदा ती हसू नये असं त्याला वाटलं, आणि ती हसली नाही.

तिनं घागर पुढं ओढली. वीस फेरे. पाणी असं नितळलं, की तळाशी पडलेली सुई दिसावी. मग ती गावाला एवढंच म्हणाली, "उकळा. आज एक घागर बी उकळल्याबिगर कुनी तोंडाला लावंल, तर म्या टाकी घालंन टकुऱ्यात."

तीन दिवस बजाबाला बोलता आलं नाही. तीन दिवस त्यानं लाकडं फोडली, हंडे चढवले, उतरवले, आणि खाली मान घालून घरोघर पाणी पोचवलं. आजी एकेका अंथरुणापाशी बसून सैंधव-गुळाचं पाणी पाजत होती. आधी पहिली चौघं, मग पुढची पाच, मग बाकीची, सगुणा शेवटी. तेराच्या तेरा उठली. सगुणानं भाकरी मागितली, तेव्हा आजी उठली, आपल्या झोपडीत गेली आणि आडवी झाली. पाच दिवस त्या पाण्याचा पहिला तांब्या तीच प्याली होती आणि स्वतःला पाजायला तिच्याजवळ वेळ उरला नव्हता. आता गावानं पळी तिच्या तोंडाला लावली. पाणी ओठांच्या कडेनं बाहेर आलं.

चौथ्या दिवशी बजाबाची जीभ सुटली. तो झोपडीच्या दारात बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. पिशवी, गार, मुंडाशाचा पदर, कमरेइतकं पाणी, वाळवलेले कपडे. आतबाहेर सारं गाव उभं होतं, कुणाची मान वर नव्हती. आजीनं ऐकून घेतलं आणि त्याला एकच गोष्ट विचारली. उत्तराची वाट बघता बघता तिचे डोळे मिटले.

बजाबा त्यानंतर तीस वर्षं जगला. त्यानं पुन्हा कुणाची खोडी काढली नाही. गावाला वरीस सरायला फार जड जाऊ लागलं.

आता पूल झाला, नळ आले, नळालाही पाणी येतं कधीमधी. पण आंबेघोळात अजून कुणी तुरटी चाटल्याशिवाय पाण्यात घालत नाही. सुनेला सासू पहिलं तेच शिकवते. आणि श्रावणात, त्या पाचव्या दिवशी, सारं गाव घाटावर जमतं. एक मोठा खडा हातोहात फिरतो. सरपंचापासून कडेवरच्या पोरापर्यंत प्रत्येकानं त्याला जीभ लावायची, तोंडं वाकडी करायची. त्या दिवशी गावात कुणालाही बढाई मारायची बंदी आहे, आणि जीभ आखडल्यामुळं ती पाळलीही जाते. आजीच्या झोपडीच्या जागी तिची चार टाक्यांची पाटी ठेवलेला एक ओटा आहे. बजाबाच्या घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस खडा घेऊन त्या ओट्यापुढं जातं. यंदा सदूआण्णा पुढं झाले, ऐंशी वर्षांचे, काठी टेकत. दरवर्षीसारखंच त्यांनी बजाबा होऊन सांगितलं.

"आजी," ते म्हणाले, "खडा आणलाय. माझी लेक दिसली आणि मला राहवलं नाही. मी नदीत उडी घेतली."

आणि मागून सारं गाव, म्हातारी-कोतारी, पोरंटोरं, एका आवाजात म्हणालं,

"आन् आदीची बारा कुनाची हुती रं, बजा?"