निवडलेले दाणे

"मग अहवालावर सही करायला अडचण काय आहे, बाई?"

दिलवरने पुन्हा विचारलं.

वळवीबाई अतिनील दिव्याखाली धरलेल्या काचेच्या पट्टीकडे बघत होत्या. पट्टीवर एक निळा ठिपका चमकत होता. शेंगदाण्यावरच्या बुरशीचं विष या दिव्याखाली असंच निळं दिसतं, हे दिलवरला त्यांनीच शिकवलं होतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या लहानशा प्रयोगशाळेत धान्य तपासण्यात बाईंचं आयुष्य गेलं होतं. दिलवर त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

विषाचा आकडा भयंकर आला होता. कायद्याच्या मर्यादेच्या कितीतरी पट.

दाणे आश्रमशाळेच्या कोठारातले. दिलवर त्याच शाळेत शिकलेला, आता त्याची धाकटी बहीण रमिला तिथे होती. दाण्यांना कुबट वास येतो म्हणून तो अधीक्षकांशी भांडायला गेला, तेव्हा ते हसून म्हणाले होते, एवढा शास्त्रज्ञ झालायस तर कागद आण, मग बोलू. त्याने तिथलं एक पोतंच सायकलवर घालून आणलं. उद्या मुलांना त्याच कोठारातल्या दाण्यांचे लाडू मिळायचे होते.

बाईंनी पट्टी खाली ठेवली.

"नमुना कसा काढलास?"

"पोत्यातून."

"कसा?"

दिलवरने हातातली पिशवी पाठीमागे घेतली.

मग त्याने सांगून टाकलं. खोलीवर चादर पसरून त्याने अख्खं पोतं ओतलं होतं. सुरकुतलेला, काळवंडलेला, हिरवट बुरशी धरलेला एकेक दाणा दिवसभर बसून वेचून काढला होता. त्यातलेच दळून तपासले. उरलेले त्याच्या हातातल्या पिशवीत होते.

"तुम्हीच सांगता ना, हजारो दाण्यांत एखादाच विषारी असतो म्हणून. मी नुसते मूठभर घेतले असते आणि नेमका तोच हुकला असता, तर?"

"तर?"

"तर ते सुटले असते."

"कोण?"



बाईंनी त्याचा अहवाल सही न करता टेबलावर ठेवला. मग आश्रमशाळेत फोन लावला. उद्याचे लाडू थांबवा, मी स्वतः नमुने घ्यायला येतेय, एवढंच म्हणाल्या. पलीकडून बराच वेळ कुरकुर ऐकू आली. शेवटी होकार आला.

"आता ते पोतं आण," त्या दिलवरला म्हणाल्या.

तो खोलीवर जाऊन पोतं घेऊन आला. बाईंनी ते स्वच्छ ताडपत्रीवर ओतायला लावलं. मग नेहमीची रीत. दाणे खालवर करून ढीग करायचा, ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन बाजूला सारायचे, उरलेले दोन पुन्हा एकत्र करायचे. मापात बसेल एवढे उरेपर्यंत हेच. दिलवर करत होता आणि आतून धुमसत होता. तिकडे पोरं काय खातायत, आणि बाईंना ढिगाचे भाग मोजायचेत.

"जोरात नको," बाई म्हणाल्या. "दाण्यांनी काय केलंय तुझं?"

त्याने मापातले सगळे दाणे दळले. द्रावणात घुसळले, गाळले. गाळलेल्याचा थेंब पट्टीवर दिला, शेजारी ओळखीच्या विषाचा एक थेंब दिला. पट्टीचं टोक द्रावणात बुडवून ते वर चढू दिलं, पट्टी सुकू दिली. दिव्याखाली धरली.

ओळखीचा ठिपका निळा चमकत होता. शेजारची जागा काळी होती.

"दिवा नीट लागलाय ना?" त्याने विचारलं.

"शेजारचा दिसतोय की."

त्याने बाजूला सारलेल्या ढिगातून दुसरा नमुना काढला. पुन्हा सगळं केलं. या वेळी त्याचा हात आपोआप सावकाश चालत होता.

पुन्हा काळी जागा...

दिलवर स्टुलावर बसला. "विष होतं हो, बाई. मी डोळ्यांनी बघितलं."

"होतं."

"मग गेलं कुठं?"

बाईंनी त्याच्या पिशवीकडे बोट दाखवलं.

तो पिशवीकडे बघत राहिला. मग ताडपत्रीवरच्या गुलाबी, तुकतुकीत दाण्यांकडे. "म्हणजे आता या पोत्यावरून काहीच सिद्ध होत नाही," तो म्हणाला. "अधीक्षक तोंडावर हसतील माझ्या."

बाईंनी ताडपत्रीवरून ओंजळभर दाणे उचलले आणि त्याच्यासमोर धरले.

"हे रमिलाला देशील?"

दिलवरने पट्टीकडे बघितलं. मग ओंजळीकडे.

"हे? देईन."

"काल दिले असतेस?"

"नाही."

"मग तोंड का पाडलंस?"

खिडकीबाहेर बाजार समितीत कुणीतरी पोती रचत होतं, त्याचा धप्प धप्प आवाज येत राहिला.

"कोठारातली बाकीची पोती तशीच आहेत, बाई," तो शेवटी म्हणाला. या वेळी आवाज खालचा होता.

"म्हणून तर निघतोय."

बाईंनी अंगातला पांढरा कोट काढून खुंटीला अडकवला. ताडपत्रीची घडी घालून त्याच्या हातात दिली, स्वतः कोपऱ्यातलं सूप काखेत मारलं. दिलवरने विचारलं, सूप कशाला. आधी नमुने काढू, मग रात्रीपर्यंत निवडायला बसू, त्या म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरू लागल्या.

तो मागोमाग निघाला. दोन पायऱ्या उतरून बाई थांबल्या.

"दिलवर... कोठारात एकही काळा दाणा निघाला नाही, तर हसता येईल का तुला?"