वाट पाहणारा कट्टा

सोनवळीच्या पेठेत दुपारी दोनच्या सुमाराला दगडी कट्ट्याभोवतीचे बोलणे थांबते. खानावळींतून, बेकरीतून झाकलेली पातेली येतात. ती रिकामी होईपर्यंत कोणी कोणाला वाईट बातमी सांगत नाही. पेठेतले केरबा तांबट आल्यागेल्याला याचे कारण सांगतात.

तो चैत्रातला साधा दिवस होता म्हणे. घाट उतरून येणाऱ्या चाळीस गाडीवानांसाठी खानावळवाल्या बयजाबाईने पहाटेपासून रांधले होते. भाकऱ्यांची चवड, हुलग्याची आमटी, वांग्याचे भरीत. तांड्याबरोबर तिचा नवरा शिवरामही यायचा होता. उन्हे डोक्यावर आली आणि एकटा धोंडू गाडीवान दारात उभा राहिला, मागे एकही गाडी नव्हती. मरणाची बातमी आणणारे धरतात तसे मुंडासे सोडून त्याने हातात धरले होते.

बयजाबाईने त्या हाताकडे पाहिले. तिला कळायचे ते कळले.

“वहिनी...”

“थांबा भावजी. मुंडासं बांधा आधी. मी म्हणेपर्यंत एक शब्द काढू नका.”

सुतक कानावर पडल्यापासून धरतात आणि सुतकाच्या घरचे अन्न कोणी खात नाही. धोंडू बोलला असता तर चाळीस माणसांचे जेवण ओढ्यात गेले असते. दुष्काळाचे साल होते. नदीकाठी तळे खणायला आलेली माणसे चिंचेचा पाला उकडून खात होती. तिने त्यांना बोलावणे धाडले आणि पातेली बाहेर कट्ट्यावर आणून ठेवली.

समोरचा बापूशेट हलवाई हसला. “बयजाक्का, दानधर्म काढलास की काय? संध्याकाळपर्यंत थांब. येईल एखादं गिऱ्हाईक.”

“संध्याकाळी आमटी फसफसेल, शेट. मग तुम्हीच या जेवायला.”

पेठेची रीतच तशी होती. अंधारेपर्यंत गिऱ्हाइकाची वाट पाहायची आणि आंबलेले अन्न ओढ्यात ओतायचे.

ती वाढत राहिली. पळी दोन्ही हातांनी धरत होती. एका म्हातारीने हाक मारली, “लेकी, आमटीत मीठ कमी पडलंय गं.” बयजाबाई आत गेली. मिठाच्या मडक्यापाशी जरा वेळ उभी राहिली आणि मूठभर मीठ घेऊन बाहेर आली. धोंडू भिंतीला टेकून खाली पाहत बसला होता.

शेवटचे पातेले तिने उपडे घातले. हात धुतले, उंबऱ्यावर बसली.

“आता सांगा,” ती म्हणाली.

उन्हाने तडकलेला कडा सुटून घाटात दरड कोसळली होती, गाड्या पलीकडेच अडकल्या होत्या; धोंडू तेवढा पायी आला होता. शिवराम दरडीखाली सापडून गेला होता.

दुसऱ्या दिवशी तिची चूल थंड होती. कालची माणसे मात्र त्याच वेळी येऊन कट्ट्यापाशी उभी राहिली. बापूशेट बराच वेळ पाहत होता. मग विक्रीला मांडलेली गरम पुरीभाजीची परात त्याने उचलली आणि स्वतः कट्ट्यावर नेऊन ठेवली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खानावळीचे पातेले आले. तेरा दिवस कट्टा रिकामा राहिला नाही, आणि चौदाव्या दिवशीही कोणी थांबवले नाही, असे सांगतात.

आजही पेठेतले दुकानदार, काय खपणार नाही याचा अंदाज दुपारीच घेतात आणि अन्न चांगले आहे तोवर कट्ट्यावर आणतात.

धोंडूजवळ शिवरामने जीव जाण्याआधी तिच्यासाठी काही निरोप ठेवला होता म्हणे. धोंडू पुढे कितीतरी वर्षे तिच्या खानावळीत जेवायला येत असे. तो जेवून, हात धुऊन थोडा वेळ बसे, ती विचारील म्हणून. ती त्याला ताक देई. निरोपाचे विचारायचे मात्र तिचे राहूनच गेले.