दाखवलेलं पाणी

एका राज्यात थंडी अशी पडे, की पौषात उघड्यावर बोललेला शब्द हातभर अंतर जाई, तेवढ्यात गोठे आणि टपकन खाली पडे. जवळच्यानं ऐकला तर ऐकला. लांबच्याला निरोप धाडायचा तर शब्द सुपात गोळा करून धाडावा लागे. सकाळी अंगण झाडणाऱ्या बायका आदल्या दिवशीची भांडणं केराबरोबर लोटून टाकत. आणि एखादी जाणती बाई लोटण्याआधी जरा वाकून बघे, शेजारी काय काय बोलणं झालं ते. त्यात वाईट काही नाही. शेजार म्हटला की एवढं बघावंच लागतं.

त्या राज्याचा राजा भद्रकेतू. मनानं मऊ, पण कुणासाठी कधी थांबलेला नाही. घोडा त्याच्यासाठी थांबे, ताट थांबे, मुहूर्तसुद्धा थांबे. राजा थांबत नसे.

एके दिवशी वेशीवर एक म्हातारा आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, मागं एक पांढरी गाय. सात डोंगर ओलांडून आलेली, जीभ बाहेर पडलेली. वेशीत गुरांसाठी दगडी डोणी होती, काठोकाठ भरलेली. राजानं सज्जातून गाय पाहिली आणि त्याला कळवळा आला. "त्या गुराला पाणी दाखवा," तो म्हणाला. म्हणाला आणि आत निघून गेला.

आता आपल्याकडे काय किंवा त्या राज्यात काय, लेकराला पाणी पाजतात आणि गुराला पाणी दाखवतात. दाखवणं म्हणजेच पाजणं. बोलायची रीत आहे. पण राजाचे शब्द गोठून सज्जात पडले. चोपदारानं ते सुपात भरले, वेशीवर नेऊन ठेवले. शब्द गोठतो तेव्हा त्यातली माया आधी गोठते. मागं उरतात नुसती अक्षरं.

वेशीचा नाईक येमाजी अक्षराला मोठा पक्का. त्यात डोणी भरायचं कामही त्याच्याकडेच, आणि सकाळपासून घागरी ओतून त्याचे खांदे भरून आलेले. त्यानं सुपातले शब्द वाचले, पुन्हा वाचले.

"हुकूम दाखवायचा आहे, पाजायचा नाही," तो म्हणाला. मग गायीला म्हणाला, "हे बघ बाई, पाणी. बघितलंस? झालं. म्हातारबा, निघा आता."

"नाईक, ती तहानेली आहे."

"मी कुठं नाही म्हणतो? हुकूम तेवढाच आला."

गाय पाण्याकडे बघत उभी राहिली. बघता बघता तिचे खूर दगडाचे झाले, मग पाय झाले, मग पोट, आणि सगळ्यात शेवटी डोळे. म्हातारा रागावला नाही. तो हिमशिखरावरचा जादूगार गारोबा होता, आणि जादूगार रागावत नसतात, शापतात.

"या राज्यात जनावराला पाणी दिसेल," तो म्हणाला. "दिसतच राहील."

एवढं बोलून तो दगडी गायीला टेकून वेशीतच बसला.

त्या क्षणी राज्यातल्या साऱ्या डोण्या, सारे हौद, सारी तळी गोठली. माणसाची घागर तेवढी वाहती राहिली. पण तीच घागर गुरापुढं धरली, की त्याचं नाक टेकायच्या आत पाण्यावर काचेसारखा बर्फ येई. राजानं मशाली लावून हौद वितळवले. मशाल हलली की हौद पुन्हा गोठे. बर्फ इतका नितळ, की खालचं पाणी निळंशार दिसे. गुरं त्यावर जिभा घासत आणि हंबरत. पहिल्या दिवशी राज्यभर हंबरडा होता. दुसऱ्या दिवशी तो बारीक झाला, आणि तेच जास्त भयंकर वाटलं.

त्या राज्यात हौसा नावाची एक गवळण होती. नवरा नाही, मूल नाही. एक म्हैस, तिचं नाव मोरी. मोरीचे दिवस भरत आले होते. पोटातलं रेडकू लाथा मारताना बाहेरून दिसे. मोरीच्या पाठीवर एक गायबगळा राहत असे. त्याला बोलता येई, आणि तो बोलल्याशिवाय राहत नसे.

"हौसाक्का," बगळा म्हणाला, "ही अजून तीन दिवस काढील. चौथा नाही. हिच्याबरोबर पोटातलंही जाईल, आणि मी बसू कुठं?"

"तुझं बसणं पडलंय तुला."

"ज्याचं त्याला पडतं. वेशीतल्या म्हाताऱ्याला कुणी विचारलं का, की बाबा, तू इथं का बसलास?"

कुणीच विचारलं नव्हतं. सैन्य त्याला वळसा घालून जाई, प्रधान वळसा घालून जाई. हौसाला मात्र न विचारता चैन पडत नसे. ती वेशीत गेली, त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"बाबा, कुठले तुम्ही? आणि ही गाय अशी का?"

गारोबानं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "माझी गाय प्याली, की राज्य सुटलं."

"दगड पाणी पितो कसा?"

"तीन वस्तू हव्यात. जाळाशिवायची ऊब. पायांशिवायची चाल. तिसरी राजापाशी आहे. ती मागून मिळत नाही, त्यानं आपण होऊन द्यायला हवी."

पहिल्या दिवशी हौसा जाळाशिवायच्या उबेला निघाली. बगळा डोक्यावर उडत होता. गावाबाहेर एक जुनापुराणा उकिरडा होता, टेकडीएवढा. साऱ्या रानात बर्फ, त्याच्यावर मात्र वाफ. त्याच्या पोटात पूर्वीच्या कुणा राजाचं सोनं पुरलेलं होतं, आणि त्या सोन्याला शाप होता: जो हात लावी, त्याचा हात कायमचा थंड होई. सोन्यावर एक नाग राखण करी.

नागानं फणा काढला. "किती हंडे नेणार?"

"हंडे नकोत. पाटीभर शेणखत द्या."

नागानं फणा खाली घेतला. "आजवर आले ते सगळे खत उपसून सोनं काढायला आले."

"सोन्याला ऊब असते का, नागोबा?"

"नसते," नाग म्हणाला. "मी तरी शेणावर का निजतो?" आणि त्यानं शेपटीनं आतलं, मधलं, वाफाळतं खत तिच्या पाटीत लोटलं.

दुसऱ्या दिवशी हौसा पायांशिवायच्या चालीला निघाली. डोहावर जाडजूड बर्फ होता. बर्फाखाली साती आसरा राहत होत्या. केस मोकळे, साड्या हिरव्या. एक वाळका भोपळा मधे सोडून त्या फेर धरून बसल्या होत्या. भोपळा गरगर फिरत होता, थांबत नव्हता. हौसानं बर्फावर आडवं होऊन तोंड लावलं.

"बायांनो, तो भोपळा मला द्या. माझी मोरी मरतेय."

थोरली आसरा वर येऊन बर्फाला खालून टेकली. "फुकट नाही द्यायचा. बर्फ पडल्यापासून आम्हाला वरचं काही कळलेलं नाही. काय चाललंय गावात?"

हौसा बर्फावर मांडी घालून, तोंड बर्फाशी वाकवून बसली. तांबटाच्या घरचं लग्न का मोडलं, ते सांगितलं. सुताराच्या दोन सुना एका चुलीवर आल्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा वेगळ्या झाल्या, ते सांगितलं. प्रधानाच्या बायकोनं पिठात काय घातलं, म्हणून प्रधान दरबारात चार वेळा उठला, तेही सांगितलं. साती आसरा पोट धरून हसल्या. हसण्यानं बर्फाला तडा गेला, तड्यातून धाकटीचा गोरा हात वर आला. हातात भोपळा होता.

"पुन्हा ये," धाकटी म्हणाली. "प्रधानाचं पुढं काय झालं, ते सांगायला."

तिसऱ्या दिवशी सकाळी मोरी बसली ती उठली नाही. हौसानं तिच्या कपाळावर हात ठेवला, पाटी डोक्यावर घेतली, भोपळा काखेत मारला आणि वेशीत आली. तिनं डोणीतला बर्फ फोडून बाहेर फेकला. डोणीच्या चारी अंगांनी वाफाळतं खत थापलं, वर कडबा दाबला, घागरभर पाणी ओतलं आणि त्यात भोपळा सोडला. भोपळा गरगरला. त्याच्या फिरण्यानं पाण्यावर वळ्या उठल्या, काठापर्यंत गेल्या, परत आल्या. हौसानं डोणीपलीकडे उभ्या दगडी गायीचं तोंड बघितलं, मग पाणी बघितलं. पाणी गोठलं नाही.

वेशीत माणसं गोळा झाली. येमाजी नाईकही आला आणि मागच्या मागं उभा राहिला. गाय मात्र प्याली नाही. दगड तो दगडच.

राजा भद्रकेतू सज्जातून खाली उतरला. "काय चाललं आहे इथं?"

"महाराज, तुमच्या नावानं हिला पाणी नाकारलं गेलं," हौसा म्हणाली. "आता तुमचं तुम्ही बघा."

"मी दाखवा म्हणालो होतो."

"दाखवलं की, महाराज. नाईकानं अगदी नीट दाखवलं."

राजानं वळून नाईकाकडे पाहिलं. नाईकानं खाली पाहिलं. मग राजा डोणीपाशी गेला आणि गायीला म्हणाला, "पाणी पी." शब्द डोणीच्या काठावर पडले आणि फुटले. "गोमाते, पाणी पी," राजा म्हणाला. तेही पडले. राजानं हुकूम केला, विनवणी केली, क्षमा मागितली. सगळं टपटप त्याच्या पायाशी पडत गेलं. डोणीपलीकडच्या दगडी कानापर्यंत एक शब्द पोचला नाही.

चोपदार म्हणाला, "महाराज, ताट वाढलं आहे."

"थांबू दे."

"महाराज, सूर्य कलला. थंडी वाढते आहे."

"मी इथं उभा आहे," राजा म्हणाला. "ती पिईपर्यंत."

राजा कुणासाठी उभा राहिलेला त्या राज्यानं पहिल्यांदा पाहिला. माणसं हळूहळू मागं सरली. राजाच्या मिशांवर दव गोठलं, ओठ निळे पडले. आता बोलायला त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं. ओठांना ऊब यावी, म्हणून त्यानं ते आवळले आणि फुंकर घातली. त्या फुंकरीतून एक आवाज निघाला, बारीक, वाकडा, लांबत जाणारा. असा आवाज त्या राज्यात आजवर कुणी काढला नव्हता.

त्या आवाजाला अक्षर नव्हतं, म्हणून तो गोठला नाही. हातभर गेला, दोन हात गेला, डोणी ओलांडून पलीकडे गेला.

दगडी कान हलला.

"थांबू नका, महाराज," हौसा हळूच म्हणाली.

राजा थांबला नाही. शीळ वर चढे, खाली येई, श्वास संपला की तुटे आणि पुन्हा धरे. दगडाच्या कानामागं पांढरी लव उगवली. मान वाकली. मानेखालची कातड्याची पोळी लोंबली, हलली. नाकपुड्यांतून वाफ आली. गायीचं तोंड पाण्याला लागलं आणि तिच्या गळ्यातून पहिला घोट खाली उतरला. तो उतरताना साऱ्यांना दिसला. एकेका घोटासरशी एकेक अंग जितं होत गेलं: मान, खांदे, पोट, शेवटी खूर. राजाचा ओठ फुटला, रक्ताचा थेंब मिशीवर आला, तरी शीळ चालूच होती. मग गायीनं आपण होऊन मान वर केली आणि ओलं नाक राजाच्या हाताला पुसलं.

गारोबा उठला. "झालं," तो म्हणाला. काठी घेतली, गाय घेतली, आला त्या वाटेनं निघून गेला. त्याच्या मागं साऱ्या राज्यातला बर्फ तडकत गेला, एका डोणीतून दुसऱ्या डोणीत, हौदातून तळ्यात. आणि मग सगळीकडून गुरांच्या पिण्याचा आवाज आला. शेकडो गळे एकदम.

हौसा धावत घरी आली. मोरीपुढची घागर वितळली होती, पण मोरीनं डोळे मिटले होते. हौसा घागर धरून तिच्यासमोर बसली, ओठ आवळले आणि फुंकर घातली. नुसतीच हवा आली. पुन्हा घातली. चिरका, फाटका आवाज आला.

"ही शीळ म्हणायची?" बगळा म्हणाला.

हौसाचे ओठ मोकळे नव्हते. मोरीनं एक डोळा उघडला. मग दुसरा. मग सुस्कारा टाकून तिनं घागरीत तोंड घातलं. हौसाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते गालावर गोठत होतं, पण शीळ तिनं सोडली नाही. चार घागरी मोरी प्याली. रेडी झाली ती दुसऱ्या दिवशी, ऊन वर आल्यावर.

येमाजी नाईकाला राजानं शिक्षा केली नाही. वेशीच्या डोणीला रोज शेणखत थापायचं आणि प्रत्येक गुरापुढं उभं राहायचं काम दिलं. फार शीळ घालून त्याचे ओठ कायमचे पुढं आले, ते तसेच राहिले.

गुराला पाणी 'दाखवा' असंच त्या राज्यात पुढंही म्हणत राहिले. पण गुरानं आपण होऊन मान वर करेपर्यंत दाखवणाऱ्यानं जागचं हलायचं नाही, आणि तोवर शीळ घालायची, हा नेम झाला. राजालाही तोच.

मोरी निवली, राज्य निवलं. कहाणीही पोटभर प्याली. आता तिनं मान वर केली आहे.