दौलूच्या दारातलं डालगं

आपल्या आज्याच्या आज्याला दात आले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. पिंपळखोऱ्यात ठकूआजी नावाची सुईण होती. जीभ तिखट, हात लोण्यासारखा. तो पाठीवरून फिरला की अडलेली गायसुद्धा सुटायची, असं म्हणतात.

त्याच गावात दौलू गुळव्या राहायचा. एका हंगामात गुऱ्हाळावर काहिलीपाशी त्याचा क्षणभर डोळा लागला, आणि धाकटा भाऊ उकळत्या रसात पडून गेला. तेव्हापासून दौलूनं डोळा मिटला नाही. पुढं हौसाशी लग्न झालं. पण नवराबायकोत जे व्हायचं, ते त्याच्याकडून होईना. मनात असायचं, अंग साथ द्यायचं नाही. बिचारा शरमेनं अर्धा झाला.

आईनं दुधातून मुसळी पाजली, शिलाजित चाटवलं. रोज सकाळी विचारायची, "काय रे, काही?" कहर म्हणजे दाराबाहेर अंथरूण टाकून कान लावायची! अशानं कुणाचं काय व्हायचं? तीन वर्षं झाली, तेव्हा तिनं ठरवलं, खोट सुनेतच आहे. संक्रांत झाली की हौसाला कायमचं माहेरी धाडायचं आणि दुसरी आणायची. हौसा नवऱ्याची लाज राखून गप्प राहिली. धन्य ती बाई!

शेवटची खात्री म्हणून ठकूआजीला बोलावलं. आजीनं हौसाला तपासलं आणि बाहेर येऊन थेट दौलूसमोर बसली.

"पोरीला काय धाड भरलीय? ह्याचे डोळे बघा, विस्तव झालेत. झोपतोस का रे बाबा?"

"झोपलो तेव्हा भाऊ गेला, आज्जी," दौलू म्हणाला, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा रडला.

आजीनं त्याला दिवसभर रडू दिलं. मग आईला म्हणाली, "महिनाभर ह्याला कुणी काही विचारायचं नाही. ह्यानं बायकोजवळही जायचं नाही. नुसतं झोपायचं. मनच एवढं थकलंय, तर अंगानं एकट्यानं कुठवर ओढायचं?"

गाव हसलं. झोपेनं कधी पाळणा हलतो का?

आजीनं काय करावं? गावातले झाडून सारे कोंबडे डालग्यांखाली, म्हणजे मोठाल्या टोपल्यांखाली, झाकले. शेवटचं डालगं दौलूच्या दारात पालथं घातलं आणि काठी घेऊन शेजारी बसली. कोंबडाच आरवला नाही, म्हणून सूर्य डोंगराआड ताटकळत राहिला, असं म्हणतात. उसाची पानं वाजायची थांबली, नदी हळू आवाजात वाहिली. हौसा उशाशी बसून होती. दौलू सात दिवस झोपला. सूर्याविना दिवस कसे मोजले, ते मला विचारू नका.

उठला तो भाकरी मागत. तिसऱ्या भाकरीला हसलासुद्धा. तेव्हा हौसानं दारातलं डालगं उचललं, कोंबडा आरवला नि सूर्य वर आला. पुढं दौलूला रोज झोप येऊ लागली आणि महिना सरला. नंतरचं त्या दोघांचं. आपण काय दौलूची आई आहोत, कान लावायला?

संक्रांत आली नि गेली. हौसा माहेरी गेली खरी, पण पुढच्या वर्षी, पहिल्या बाळंतपणाला. पोचवायला सासू स्वतः गेली.

ठकूआजीला जाऊन किती पिढ्या झाल्या. पण पिंपळखोऱ्यात अजून, ज्या गड्याची झोप उडते, जीव कशात लागत नाही, त्याच्या दारात आजीचं नाव घेऊन डालगं पालथं घालतात. येणारा-जाणारा चपला हातात घेतो. काय झालंय, कुणी विचारत नाही. आणि आई कितीही उतावीळ असो, डालगं उचलायचा मान बायकोचाच.