काकाकुवा कोणाचा?

कोकणातल्या एका बंदराच्या कचेरीत त्रिंबकपंत दुभाषे होते. दिवसभर लोकांची भांडणं दोन-दोन भाषांत बोलून ते पार थकले होते. ते उठणार, तोच विसाजी कारभाऱ्यांनी मलाक्क्याच्या अवांग खलाशाचा तुरेवाला पांढरा पक्षी पिंजऱ्यासकट हिसकावून घेतला.

"काकाकुवा! नावात काका आहे, म्हणजे नाव मराठी. नाव आमचं, तर पक्षीही आमचाच. दुभाषे, सांगा याला!"

अवांग रडवेला होऊन बोलला. पंतांनी ते मराठीत सांगितलं, "तो म्हणतो, शब्द मलायी आहे. 'काकाक' म्हणजे थोरलं भावंड, 'तुआ' म्हणजे म्हातारं. फिरंग्यांनी तो तिथूनच उचलला, आणि त्यांच्याकडून तो इथे आला."

"खोटं! काका तो काकाच!"

पंतांनी सुस्कारा सोडला. वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं.

"बरं, कारभारी. काका तुमचेच. मग आधी त्यांच्या पाया पडा, आणि घरच्या वडीलधाऱ्याला पिंजऱ्यात का कोंडलंत, ते चारचौघांत सांगा."

कचेरी खो खो हसली. कारभाऱ्यांनी पिंजरा अवांगपुढे सरकवला. त्याने तो छातीशी धरला. पंत मात्र हसले नाहीत. उपरणं झटकून ते घराकडे निघाले, आणि वाटेत कुणाशी एका भाषेतही बोलले नाहीत.